अमावस्येचं वर्तुळ पांढरं कसं झालं?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर रोज कोपऱ्यात तिथी, नक्षत्र आणि भरती-ओहोटीची चौकट येते. कित्येक वर्षं सकाळच्या चहाबरोबर मी आधी ती वाचते आणि मग मथळ्यांकडे वळते. हे पत्र त्या चौकटीतल्या दोन बारक्या खुणांविषयी आहे. अमावस्येला आपण भरीव काळं वर्तुळ छापता आणि पौर्णिमेला पोकळ. छापील अंकात यात काहीच चुकत नाही. पण तीच चौकट आपल्या संकेतस्थळावर फोनमध्ये उघडली आणि वाचणाऱ्याने डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा काळा ठेवलेला असला, तर अमावस्या पांढरीशुभ्र दिसते आणि पौर्णिमा काळी. खूण तीच, संगणकातला तिचा क्रमांकही तोच, पण अर्थ बरोबर उलटा.

हे मला कुणी येऊन सांगितलेलं नाही. माझ्याच हातून ही चूक झाली आणि तिच्यापायी चौदा माणसांचा हेलपाटा झाला, म्हणून लिहिते आहे.

मी हर्णैची. बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. नोकरीत असल्यापासून दर गुढीपाडव्याला मी आठ पानांचा एक तक्ता काढते. वर्षभराच्या तिथी, भरतीच्या वेळा, ग्रहणं, कोणता ग्रह संध्याकाळी दिसेल आणि कोणता पहाटे, एवढंच त्यात असतं. भविष्य नसतं. बंदरावरचे तांडेल नेतात, पाजपंढरीची मुलं नेतात, दोन-चार भटजीही नेतात. अलीकडे मी तो फोनवरही पाठवते, कारण कामासाठी मुंबईला गेलेली इथली पोरं मागायला लागली.

गेल्या पौषात मी आकाशदर्शन ठरवलं. पौष अमावस्येची रात्र आमच्याकडे आकाश बघायला फार चांगली. पावसाचं नाव नसतं. रात्री आठला कृत्तिका जवळपास डोक्यावर असतात, पूर्वेकडे मृग चढून आलेला असतो, त्याच्या पाठोपाठ व्याध. दक्षिणेला क्षितिजापासून हातभर वर अगस्त्य दिसतो. दिल्लीकडच्या माणसाला तो जेमतेम दिसतो, आम्हाला स्वच्छ. फोनवरच्या निरोपात मी लिहिलं, 'तक्त्यात पौष महिन्यात अमावस्येची खूण आहे त्या दिवशी रात्री आठ वाजता सड्यावर या. येताना सतरंजी आणा, बॅटरी आणू नका.' (सडा म्हणजे आमच्या कोकणातलं मोकळं कातळपठार.) तारीख वेगळी लिहिली नाही. तक्ता सगळ्यांकडे होता आणि तक्त्यात खूण होती, मग तारखेची गरज वाटली नाही.

पौष पौर्णिमेच्या रात्री जेवायला बसले होते, तर फोन वाजला. "बाई, आम्ही सड्यावर आलोय. तुम्ही कुठे आहात? इथे तर लख्ख चांदणं पडलंय."

चौदा माणसं, त्यात दोन कुटुंबं मुद्दाम मुंबईहून रजा काढून आलेली. एका लहान मुलीला मी मृगाचा बाण दाखवायचं कबूल केलं होतं. मी तशीच उठून गेले. चंद्र इतका वर आलेला होता की व्याध, रोहिणी आणि मोजून पाच-सात ठळक तारे सोडले तर काही दिसत नव्हतं. कृत्तिका म्हणजे नुसता पुसट डाग. मी म्हटलं, "अहो, आज पौर्णिमा आहे. मी अमावस्येला बोलावलं होतं." त्या मुलीच्या वडिलांनी फोन पुढे केला. पडदा काळा. पौष महिन्याच्या पानावर दोन वर्तुळं. एक भरीव, पांढरं, चकचकीत. दुसरं कडेला बारीक पांढरी रेघ असलेलं आणि आत काळं. ते म्हणाले, "बाई, काळं आहे ते अमावस्येचं ना?" त्यांचं काय चुकलं होतं? दाखवलं तसं त्यांनी वाचलं. पंधरा दिवसांनी त्यांना पुन्हा रजा मिळाली नाही.

घरी येऊन मी माझ्या फोनचा पडदा काळा करून पाहिला. मग आपल्या दैनिकाची चौकट पाहिली. तिथेही तेच.

माझे वडील दापोलीला एका छापखान्यात खिळेजुळारी होते, म्हणजे शिशाचे अक्षरांचे ठसे, खिळे, जुळवून पानं तयार करायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. पंचांगाची पानं जुळवायची असली की ते केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीच्या, वरच्या एका खणात हात घालायचे. त्या खणात फक्त वर्तुळाचे खिळे असायचे, भरीव आणि पोकळ एकत्र, कारण खण अपुरे. ते डोळ्यांनी बघायचे नाहीत. अंगठ्याचं पेर खिळ्याच्या तोंडावरून फिरवायचे. सगळीकडे सारखं गुळगुळीत लागलं की अमावस्या, आणि नुसती कड लागून मध्ये खळगा लागला की पौर्णिमा. मीही शिकले होते. शिशाच्या त्या खिळ्यांचा गारवा आणि बोटाला लागणारा काळा राप अजून आठवतो. तिथे अमावस्या भरीव असे, कारण भरीव तोंडाला शाई लागते आणि शाई काळी असते. कागद पांढरा असतो, म्हणून पोकळ वर्तुळात चंद्र दिसतो. या खुणेचा सगळा अर्थ काळी शाई आणि पांढरा कागद या जोडीवर उभा होता. ती जोडी शंभर-दीडशे वर्षं कुणी मोडली नाही, म्हणून आपल्याला तो अर्थ खुणेचाच आहे असं वाटत राहिलं. काळा पडदा आला आणि जोडी मोडली.

आता संगणकाकडे येते. हा विषय मी या वयात, माझ्या एका माजी विद्यार्थ्याला प्रश्न विचारून विचारून शिकले. जगातल्या लिपींची आणि खुणांची युनिकोड नावाची एक सामाईक वही आहे. तिच्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आणि एक नाव मिळतं. आपल्या देवनागरीला १९९१च्या पहिल्याच आवृत्तीपासून २३०४ ते २४३१ हे क्रमांक आहेत. (संगणकवाले हे आकडे सोळाच्या पायावर लिहितात. मी नेहमीच्या दशमानात देते आहे.) आपण जे भरीव वर्तुळ छापता ते ९६७९, आणि पोकळ ते ९६७५. वहीत त्यांची नावं 'काळं वर्तुळ' आणि 'पांढरं वर्तुळ' अशी आहेत. चंद्राचा तिथे उल्लेखही नाही. आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी थक्क झाले. युनिकोडच्या नावांत काळं म्हणजे भरीव आणि पांढरं म्हणजे पोकळ. रंगाशी त्याचा काही संबंध नाही. 'काळा सूर्य, किरणांसह' अशा नावाची खूण आहे, क्रमांक ९७२८. फोनवर ती पिवळीधमक दिसते आणि वहीच्या हिशेबाने त्यात काहीच चूक नाही.

म्हणजे आपण, मी आणि महाराष्ट्रातले कितीतरी दिनदर्शिकावाले, चंद्राच्या जागी भूमितीची आकृती वापरत आलो आहोत. फोनला ती अमावस्या आहे हे कळायला काही मार्गच नाही. माझा एक विद्यार्थी जन्मापासून दृष्टिहीन आहे, बाजारात त्याचं किराणा दुकान आहे. फोन त्याला सगळं वाचून दाखवतो. माझ्या तक्त्यातली अमावस्या तो इतकी वर्षं 'काळं वर्तुळ' अशी ऐकत होता. मी काय सांगते आहे ते त्याने अंदाजाने ओळखायचं. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, तुम्ही एवढं करता, त्यात कशाला बोलायचं?" हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

चंद्राला स्वतःच्या खुणा नाहीत असं मुळीच नाही. १२७७६१ हा क्रमांक अमावस्येच्या चंद्राचा, १२७७६५ पौर्णिमेचा, आणि १२७७६८ पर्यंत कोर, अर्धा, फुगीर अशा मिळून आठ कला आहेत. जपानी मोबाइल कंपन्यांच्या चित्रखुणा २०१० साली युनिकोडमध्ये घेतल्या गेल्या, त्यात त्या आल्या. आपल्या रुपयाची खूणही त्याच आवृत्तीतली, क्रमांक ८३७७. केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी ती स्वीकारली आणि ऑक्टोबरात ती वहीत होती. मनावर घेतलं की कामं किती लवकर होतात! या चंद्रखुणा रंगीत रूपात वापरल्या तर पडदा काळा असो की पांढरा, अमावस्या काळपटच राहते आणि पौर्णिमा उजळच. वाचून दाखवणारा फोनही त्यांना चंद्र म्हणूनच ओळखतो.

पण आठ कला आपल्याला पुरत नाहीत, हेही इथेच सांगते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते. तीनशे साठ अंशांच्या तीस तिथी. पाश्चात्त्यांच्या आठ कला पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या. शुद्ध चतुर्थी आणि शुद्ध पंचमीला त्यांच्याकडे वेगळं चित्र नाही, आणि आमच्या बंदरावर मात्र त्या दोन दिवसांत भरती पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून खुणेबरोबर तिथीचं नाव अक्षरांत हवंच.

आपल्या जुन्या माणसांनी ग्रहांसाठी नेमकं हेच केलं होतं. कुंडलीत र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के. राशींना एक ते बारा आकडे. वडिलांच्या केसमध्ये राहूची खूण कधी नव्हती, 'रा' होतं. लहानपणी मला वाटायचं की आपल्याकडे छान चित्रं नाहीत म्हणून अक्षरं वापरतात. आता कळतं की अक्षर कुठल्याही कागदावर आणि कुठल्याही पडद्यावर तसंच राहतं. मी मात्र मुलांना जगभरच्या खुणा कळाव्यात म्हणून तक्त्यात हौसेने खगोलशास्त्राची चिन्हं घातली आणि त्यापायी काय काय भोगलं ते सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत डीटीपीवाल्याकडे विंगडिंग्ज नावाचा चित्रांचा फॉन्ट होता. त्यात बारा राशी होत्या, पण त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या. 'जी' दाबलं की मकर उमटायची, 'एच' दाबलं की कुंभ. मराठी मजकूरही तेव्हाच्या जुन्या फॉन्टमध्ये होता. तिथेही तीच तऱ्हा, रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे. त्या संगणकावर सगळं सुंदर दिसायचं. काही वर्षांनी त्याने संगणक बदलला, फॉन्ट गेले आणि माझे दहा-बारा वर्षांचे तक्ते उघडले तर सगळा रोमन अक्षरांचा चिखल. मकरेच्या जागी नुसता 'जी'. छापील प्रती आहेत म्हणून बरं. त्यातल्या तीन वर्षांच्या प्रती मात्र माझ्याकडेही नाहीत, आणि आता त्या कुठे मिळणार नाहीत.

मग युनिकोडवर आलो. मेष ९८०० ते मीन ९८११, ओळीने बारा क्रमांक, कसलाच गोंधळ नाही. पण फोनवर पाठवलं की त्या बहुतेकांकडे जांभळ्या चौकोनातली रंगीत चित्रं होऊन येत आणि तक्त्याच्या ओळी विस्कटत. त्यावर उपाय आहे, तो पंचांग जुळवणाऱ्या सगळ्यांच्या कामाचा आहे म्हणून लिहिते. खुणेच्या लगेच मागे ६५०३८ हे न दिसणारं चिन्ह टाकलं की फोन तिचं साधं, अक्षरासारखं रूप दाखवतो. ६५०३९ टाकलं की रंगीत. माझ्या विद्यार्थ्याने हे दाखवलं तेव्हा मला खिळ्याच्या अंगावरची खाच आठवली. वडील खाचेवर बोट ठेवूनच खिळा स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवायचे, म्हणजे तो उलटा बसत नसे.

राहू-केतूचं मात्र वेगळंच झालं. वहीत सूर्याची खगोलशास्त्रातली खूण, वर्तुळात टिंब, ९७३७ वर आहे. तिच्या शेजारी ९७३८ राहू, ९७३९ केतू, मग ९७४० युती आणि ९७४१ प्रतियुती. ग्रहण समजावून सांगायला लागतात ती पाचही मंडळी एका ओळीत बसलेली आहेत. राहू म्हणजे चंद्र सूर्यमार्गाला छेदून उत्तरेकडे जातो तो बिंदू, केतू म्हणजे दक्षिणेकडे जातो तो. अमावस्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळ झाली की ग्रहण. राहूची खूण घोड्याच्या नालेसारखी, तोंड खाली. केतूची तीच, तोंड वर. छापखान्याच्या फॉन्टमध्ये ही दोन चिन्हं नव्हती, त्यामुळे पहिल्या मुद्रितात नुसते रिकामे चौकोन आले. मी चौकोनांवर लाल शाईने गोल करून परत पाठवलं. तिथल्या मुलाने मेहनतीने एक चित्र शोधून दोन्ही ठिकाणी चिकटवलं, एक सरळ आणि एक उलटं करून. फक्त कोणतं सरळ हे त्याला कोण सांगणार? राहूच्या जागी केतू आणि केतूच्या जागी राहू छापून दोनशे प्रती निघाल्या. मी तीन रात्री बसून प्रत्येक प्रतीत पेनाने 'रा' आणि 'के' लिहिलं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

चंद्रकोरीचीही गोष्ट आहे. ९७८९ ही वाढत्या चंद्राची कोर आणि ९७९० उतरत्या चंद्राची. दोन्ही उभ्या काढलेल्या, एकीची पाठ उजवीकडे, दुसरीची डावीकडे. युरोपात चंद्र साधारण तसा दिसतो. पण आमचं हर्णै विषुववृत्तापासून जेमतेम अठरा अंशांवर. चैत्र शुद्ध द्वितीयेला, म्हणजे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य बुडाल्यावर सुवर्णदुर्गाच्या बाजूला बघा. कोर जवळजवळ आडवी असते, दोन्ही टोकं वर, पाण्यावर टेकलेल्या होडीसारखी. भाद्रपदाच्या सुमारास ती पुष्कळ कलते. मुलं मला विचारतात, "बाई, पुस्तकातला चंद्र उभा का?" प्रश्न बरोबर आहे, मी त्यांना दोन्ही काढायला लावते. या खुणा बदला असं माझं म्हणणं नाही. क्रमांकाने कोर कुठली ते ठरतं, ती आकाशात कशी झुकलेली दिसेल हे ठरत नाही, एवढं मुलांना सांगितलं म्हणजे पुरे.

तसंच राशींचं. ९८०० म्हणजे मेष, पण कुठली? सूर्य सायन मेषेत, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून मोजलेल्या राशीत, २० किंवा २१ मार्चला जातो आणि निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या, मेषेत एप्रिलच्या मध्याला. खूण दोन्हीकडे तीच. आमच्या शेजारच्या मुरुडला १८५३ साली जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये मराठीत लिहिला. त्यांच्याच परिसरात राहून मी अर्धवट खुणांचा तक्ता काढावा, याची मला खरोखर लाज वाटते. यंदा प्रत्येक संक्रांतीपुढे 'निरयन' असा शब्द घातला आहे.

कुणी म्हणेल, अमावस्या-पौर्णिमा उलटली तर बंदरावर काय बिघडतं, उधाण तर दोन्हीकडे असतं. भरतीपुरतं खरं आहे. पण नारळी पौर्णिमा अमावस्येला होत नाही. काळोखात आणि चांदण्यात जाळं सारखं पडत नाही, हे कुठलाही तांडेल सांगेल. आणि चुकीची खूण एकदा दिसली की माणूस सगळ्या तक्त्यावरचा विश्वास काढून घेतो. वेळा बरोबर असल्या तरी.

भरतीवरून आजोबांची वही आठवली. आजोबा बंदरावर मचव्यांचा हिशेब ठेवायचे, मोडी लिपीत. वहीच्या आतल्या बाजूला एक ओळ आहे : तिथी, तिच्यापुढे तीन उभ्या रेघा, मग भरती. कित्येक वर्षं मला त्या तीन रेघा कळल्या नव्हत्या. हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मे, तीन म्हणजे पाऊण. आणि तो आपला कोकणातला जुना हिशेब : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. चतुर्थीला तीनला. पौर्णिमेला सव्वाअकराला. घड्याळ थोडं पुढे-मागे होतं, पण होडी पाण्यात लोटायला एवढं पुरतं. रोज पाऊण तास आणि वर तीन मिनिटं भरती पुढे जाते, ती तीन मिनिटंही या मोजणीत बसलेली आहेत, कारण पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं खरी, पण वद्य प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे दुपारी पाऊणपासून सुरू होते आणि सव्वाअकरा ते पाऊण असा दीड तासाचा टप्पा मिळून पंधरवड्याची बारा तासांची फेरी बरोबर पूर्ण होते. हे मी पाचवीच्या मुलांना वाळूत काठीने काढून दाखवायची.

ती पाऊणची खूण २००९ पासून युनिकोडच्या वहीत आहे, क्रमांक ४३०५८. पाव ४३०५६, निम्मे ४३०५७. मोडी लिपी २०१४ साली आली. या दोन्हींचे प्रस्ताव अंशुमान पांडे या अभ्यासकाने लिहिले. जुने हिशेब, वह्या, छापील पुस्तकं यांतले नमुने जोडून त्यांनी त्या खुणा खरंच वापरात होत्या हे दाखवलं. परवा मी आजोबांची ती ओळ फोनवर टंकली. तीन रेघा उमटल्या. आजोबांच्या हातची खूण माझ्या नातीच्या फोनवर गेली आणि तिने वाचली, "पाऊण".

२०२२च्या आवृत्तीत चंद्रग्रहणाची खूण आली, १२८८८६. हौमेआ, माकेमाके, क्वावार अशा नेपच्यूनच्याही पलीकडच्या बटुग्रहांच्या खुणा त्याच वर्षी आल्या. त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेतल्या डेनिस मॉस्कोविट्झ या सॉफ्टवेअर अभियंत्याने रेखाटलेल्या. सरकारी माणूस नाही, वेधशाळेतला नाही. त्याने काढल्या, लोकांनी वापरल्या आणि कुणीतरी पुरावे जोडून प्रस्ताव केला. आपल्या पंचांगांत अशी एखादी खूण असेल जिला अजून क्रमांक नाही, तर ती मिळवण्याचा रस्ता उघडा आहे. पण आधी, ज्यांना क्रमांक मिळालेले आहेत त्या तरी नीट वापरू या.

तर माझी विनंती. आपल्या चौकटीत भूमितीची वर्तुळं नकोत. चंद्राची जी खूण आहे तीच घ्यावी, आणि तिच्यापुढे दर वेळी 'अमा.' किंवा 'पौ.' अशी अक्षरं असावीत, जागा कितीही कमी असली तरी. ग्रहांना रा, के, शु, मं ही आपली अक्षरं ठेवावीत. शुक्र आणि मंगळ यांच्या खुणा तर वहीत 'स्त्री' आणि 'पुरुष' या नावांनी आहेत, ९७९२ आणि ९७९४. वाचून दाखवणाऱ्या फोनवर संध्याकाळी पश्चिमेला 'स्त्री' उगवेल. आणि संकेतस्थळावर ही चौकट चित्र म्हणून टाकू नये, मजकूर म्हणून टाकावी, म्हणजे माझ्या दुकानदार विद्यार्थ्याला ती ऐकता येईल. आपलं दैनिक खेडोपाडी जातं. आपण सुरुवात केलीत तर दिनदर्शिका काढणारे बाकीचेही करतील अशी मला खात्री वाटते.

या पत्रात मी एकही खूण टाकलेली नाही, सगळ्यांचं वर्णन शब्दांत केलं आहे. ती आपल्यापर्यंत चौकोन होऊन पोहोचू नये म्हणून. सोबत पुढच्या वर्षीच्या तक्त्यातलं पौषाचं पान कागदावर छापून जोडलं आहे, आणि त्याची फाइलही वेगळी पाठवते आहे. ती आपल्या कार्यालयातल्या दोन-तीन निरनिराळ्या फोनवर, एकदा पांढऱ्या पडद्यावर आणि एकदा काळ्या, उघडून पाहावी आणि अमावस्या कुठल्या तारखेला दिसते ते मला कळवावं. त्या रात्री आठ वाजता मी सड्यावर असेन. त्या मुलीला बाण दाखवायचा राहिला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी